पिशवीचं तोंड: गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदुरात मराठी घरातली मुलगी गरोदर राहिली की एकाच अवयवाची तीन नावं तिच्या कानावर पडतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘सर्विक्स’ असतं, वॉर्डातली सिस्टर ‘बच्चेदानी का मुँह’ म्हणते आणि घरी आजी ‘पिशवीचं तोंड’. पुस्तकी मराठीत ते गर्भाशयमुख. या तीन भाषांच्या मध्ये बरंच काही सांडून जातं आणि मग रात्री अकरा वाजता मला मेसेज येतो, “काकू, याचा अर्थ काय?”

मी २६ वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. आता रामबागेत घरीच दर शनिवारी गरोदर मुलींना भेटते. तिथे आणि फोनवर जे परत परत विचारलं जातं, ते इथे मांडलं आहे. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द मात्र माझ्या उत्तराच्या वर.

१. ‘बच्चेदानी का मुँह’ म्हणजे नक्की काय? योनी आणि ते एकच का?

एक नाही. गर्भाशय उलट्या धरलेल्या नासपतीसारखं असतं. त्याचा खालचा निमुळता भाग योनीच्या वरच्या टोकाला थोडा बाहेर डोकावतो, तेच गर्भाशयमुख. एरवी त्याची लांबी साधारण ३ ते ४ सेंटीमीटर. मधून एक बारीक नळी जाते. तिचं बाळाकडचं टोक म्हणजे आतलं तोंड आणि योनीकडचं टोक म्हणजे बाहेरचं तोंड. रिपोर्टवर ‘इंटर्नल ओएस’ आणि ‘एक्स्टर्नल ओएस’ लिहितात ते हेच.

गर्भाशय हा जाड स्नायू आहे, पण त्याच्या मुखात स्नायू अगदी थोडा असतो. बहुतेक भाग चिवट धाग्यांचा, कोलॅजनचा. म्हणून ते आपल्या मनाने आवळता येत नाही की सैल सोडता येत नाही. “मीच घट्ट धरून ठेवलं नाही” असं म्हणत स्वतःला दोष देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तसं धरून ठेवणं कुणाच्याच हातात नसतं.

२. दिवस राहिल्यावर तिथे पहिला बदल कधी होतो?

फार लवकर, पोट दिसायच्या कितीतरी आधी. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात रक्तपुरवठा वाढून रंग निळसर जांभळा होतो. ते मऊही व्हायला लागतं. आमच्या शिक्षिका सांगायच्या, गरोदर नसताना बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं आणि गरोदर असताना ओठासारखं. स्वतःच्या नाकाला आणि ओठाला हात लावून बघा, लगेच कळेल.

त्याच सुमारास नळीत घट्ट चिकट स्राव साठून बूच तयार होतं. योनीतले जंतू वर बाळाकडे जाऊ नयेत म्हणून ते असतं. ते पुढे कधी पडतं हे प्रश्न ८ मध्ये आहे.

३. एवढं बाळाचं वजन येऊनही ते नऊ महिने उघडत कसं नाही?

कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून. गरोदरपणात हे बंध हळूहळू सैल होतात, पण ताकद टिकून राहते. शेवटच्या आठवड्यांत मात्र कारभार बदलतो. प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं काम करू लागतात, मुखात पाणी धरून ठेवणारे घटक वाढतात, धागे विस्कळीत होतात. यालाच ‘पिकणं’ म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे. कच्चा आंबा दाबून मऊ होत नाही, पिकावा लागतो.

पिकताना चार गोष्टी घडतात. तोंड मऊ होतं, मागे पाठीकडे वळलेलं असतं ते पुढे येतं, लांबीला आखूड होतं आणि उघडतं. बाकीच्यांची नजर फक्त शेवटच्या गोष्टीवर असते. पहिल्या तिन्ही कुणाला दिसत नाहीत, म्हणून पोरींना वाटतं की काहीच घडत नाहीये.

४. विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टवर ‘सर्विक्स ३.४ सेमी, ओएस क्लोज्ड’ आहे. चांगलं की वाईट?

चांगलं. १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान बहुतेकींची लांबी ३ ते ४ सेंटीमीटरच्या आसपास असते. २.५ सेंटीमीटर, म्हणजे २५ मिलिमीटरच्या खाली गेली की आखूड म्हणतात.

हे माप योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सगळ्यांत भरवशाचं मिळतं आणि त्या वेळी लघवीची पिशवी रिकामी हवी. पोटावरून पाहताना भरलेली पिशवी तोंडाला दाबते आणि ते आहे त्यापेक्षा लांब दिसू शकतं. म्हणून दोन रिपोर्टांत फरक आला तर आधी बघा, दोन्ही एकाच पद्धतीने केले होते का. आतून करायच्या सोनोग्राफीने बाळाला धक्का लागत नाही. ही भीती सासूबाईंना असते तशी नवऱ्यांनाही असते, म्हणून दोघांना सोबत घेऊन जा.

आणखी एक. तिसाव्या आठवड्यानंतर तोंड सगळ्यांचंच आखूड होत जातं. चौतिसाव्या आठवड्यातल्या मापाला विसाव्याची फूटपट्टी लावून घाबरू नका.

५. बाविसाव्या आठवड्यात २२ मिलिमीटर आलं. आता झोपूनच राहू का? आणि बाळंतपणाला माहेरी पुण्याला जायचं ठरलंय, त्याचं काय?

आखूड आलं म्हणजे बाळ लवकर येणारच असं नाही, पण शक्यता वाढते. एकच बाळ असेल तर डॉक्टर सहसा प्रोजेस्टेरॉनची गोळी रोज रात्री योनीत ठेवायला देतात, बहुधा ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत. तिने धोका खरोखर कमी होतो. रात्री विसरलात तर काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मधेच आपल्या मनाने बंद मात्र करू नका. पूर्वी गर्भ पडला असेल किंवा बाळ फार लवकर झालं असेल तर टाक्याचा विचार होतो (प्रश्न ६).

पलंगावर खिळून राहण्याचा फायदा दिसून आलेला नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, अंगातली ताकद जाते आणि मन खचतं. जड उचलू नका, तासन्तास उभ्या राहू नका, पण घरात हिंडा-फिरा. मागच्या पिढीत महिनोन्‌महिने झोपवून ठेवत. त्यात प्रेमच होतं, तरी आज ते करू नये.

पुण्याचं म्हणाल तर मी तरी थांबायला सांगेन. इंदूर-पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. गाडीच्या हिसक्यांनी तोंड उघडत नाही, त्याची धास्ती सोडा. पण वाटेत कळा सुरू झाल्या तर कमी दिवसांच्या बाळाची काचपेटी जिथे आहे तिथे वेळेत पोचता येणार नाही, ही खरी अडचण. अशा वेळी आईनेच इंदुरात येऊन राहावं. डोहाळेजेवण इथेही छान होतं.

६. तोंडाला टाका कधी घालतात? दुखतो का? शिरोडकर टाका म्हणतात तो हाच का?

काही बायकांचं तोंड चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा नसतानाच मऊ होऊन उघडतं. दुखत नाही, रक्त फारसं नाही, फक्त खाली जड वाटतं आणि एक दिवस बाळ हातचं जातं. हे ज्यांच्याबाबत आधी घडलं आहे, त्यांना पुढच्या खेपेला साधारण १२ ते १४ आठवड्यांत टाका घालतात. जिचं आधीचं बाळ लवकर झालं होतं तिचं तोंड तपासणीत आखूड होताना दिसलं किंवा तोंड उघडलेलंच सापडलं, तर नंतरही घालतात, सहसा २४ आठवड्यांच्या आत.

भूल देऊन करतात, म्हणून करताना दुखत नाही. नंतर एक-दोन दिवस थोडी कळ, थोडे डाग. ३६ ते ३७ आठवड्यांत काढतात आणि काढायला बहुधा भूलही लागत नाही. टाका असताना कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर एक मिनिट घरी थांबायचं नाही, कारण टाक्यावर जोर येऊन तोंड फाटू शकतं.

हो, शिरोडकर टाका हाच. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळ गोव्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले. त्यांनी १९५५ साली ही पद्धत जगापुढे मांडली आणि सुरुवातीला बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढून ती टाक्यासाठी वापरली. १९५७ मध्ये डॉ. मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत सांगितली, आज तीही खूप वापरतात. वर्गात हे सांगताना मला दर वेळी भरून येतं. किती घरांत पाळणा हलला असेल त्या एका टाक्याने!

जुळं असेल तर मात्र नुसतं तोंड आखूड आहे म्हणून टाका घालत नाहीत. तिथे तो उपयोगी पडेलच असं नसतं.

७. आतल्या तपासणीनंतर किंवा संबंधानंतर लाल डाग दिसला. तोंड उघडलं का?

बहुतेक वेळा नाही. गरोदरपणात नळीच्या आतलं नाजूक अस्तर थोडं बाहेर येतं आणि रक्तपुरवठा वाढलेला असतो. स्पर्श झाला की दोन-चार थेंब येतात आणि थांबतात. तरी डॉक्टरांना सांगा, कारण वार (प्लासेंटा) खाली असेल तर तेही रक्ताने कळतं. वार खाली आहे, टाका आहे, पाणी गेलं आहे किंवा रक्त जातंय, यातलं काही असेल तर संबंध नकोत. एरवी संबंधांनी तोंड उघडत नाही.

८. शेंबडासारखं चिकट काहीतरी पडलं, गुलाबी रेघ होती. लगेच निघायचं का?

ते बूच. ३७ आठवडे झाले असतील आणि बाळ हलतंय तर निघायची घाई नाही. बूच पडल्यावर कळा त्याच रात्री येतील किंवा आठवडाभरानेही.

यात निघायचं: ३७ आठवड्यांच्या आधी पडलं तर, पाळीसारखं रक्त गेलं तर, पाणी गेलं तर, कंबर ठरावीक अंतराने धरत असेल तर, बाळाची हालचाल कमी वाटली तर. रात्रीबेरात्री गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात नाव असेल तर जननी एक्सप्रेसही त्याच नंबरवरून मिळते.

९. ‘दो उंगली खुला है’ म्हणजे किती?

एक बोट म्हणजे अंदाजे दीड ते दोन सेंटीमीटर. दोन बोटं म्हणजे तीन-साडेतीनच्या आसपास. पूर्ण उघडलं म्हणजे १० सेंटीमीटर, तेव्हा बोटांना कडाच लागत नाही. पण बोटं माणसागणिक जाडबारीक असतात आणि एकीचे चार ते दुसरीचे साडेचार होतात. म्हणून शक्यतो एकाच व्यक्तीने तपासावं.

या आकड्याहून मोठी गोष्ट म्हणजे तोंड किती पातळ झालं. आजीचा नाडीचा बटवा डोळ्यांपुढे आणा. नाडी आवळलेली असते तेव्हा वर चुण्यांची उभी मान असते. आत सुपारी-लवंग भरत गेलं की ती मान खाली बटव्याच्या अंगात सामावते आणि मग तोंड रुंद होतं. पहिलटकरणीचं तसंच होतं. मान आधी नाहीशी होते आणि उघडणं नंतर. कागदावर ते टक्क्यांत लिहितात. शंभर टक्के म्हणजे मान उरलीच नाही.

मी स्वतः सिस्टर असूनही माझ्या पहिल्या बाळंतपणात या आकड्याने रडले. रात्री आठला ‘दो उंगली’, पहाटे चारलाही ‘दो उंगली’. आठ तास वाया गेले असं वाटलं. नंतर माझाच कागद वाचला, तर पातळ होणं ३० टक्क्यांवरून ९० वर गेलं होतं. ते मला त्या रात्री कुणी सांगितलं नाही. म्हणून माझ्या मुलींना मी एक वाक्य पाठ करून पाठवते, “मॅडम, पतला कितना हुआ?”

१०. अडतिसाव्या आठवड्यात दोन बोटं सांगितलं, दहा दिवस झाले, काहीच नाही. काही बिघडलंय का?

नाही. शेवटच्या आठवड्यांत कळा नसताना दोन-तीन सेंटीमीटर उघडलेलं राहणं सर्रास आढळतं, दुसरेपणी तर फारच. उलटही होतं. सकाळी घट्ट बंद असलेली संध्याकाळी बाळंत झालेली मी पाहिली आहे. एका तपासणीवरून तारीख काढता येत नाही.

११. दुसऱ्या वेळी लवकर होतं म्हणतात, खरं का?

बहुतेकींच्या बाबतीत खरं. एकदा पूर्ण उघडलेलं तोंड दुसऱ्यांदा पातळ होणं आणि उघडणं एकदमच करतं (बटव्याची गोष्ट प्रश्न ९ मध्ये). म्हणून बायपासच्या पलीकडे राहत असाल तर कळा नियमित झाल्या की निघा, अंतर मोजत बसू नका.

१२. तारीख उलटली, डॉक्टर म्हणतात तोंड पिकलेलं नाही, जेल ठेवू. गरज असते का?

तपासणीत पाच गोष्टींना गुण देतात: किती उघडलं, किती पातळ, किती मऊ, पुढे आलं की मागेच आहे आणि बाळाचं डोकं किती खाली. ही डॉ. बिशप यांची पद्धत, १९६४ सालची. एकूण १३ पैकी ८ किंवा वर असतील तर तोंड तयार. ६ किंवा खाली असतील तर आधी पिकवावं लागतं. कच्च्या तोंडावर नुसतं कळांचं सलाइन लावलं तर बाई दमते आणि तोंड तसंच राहतं.

पिकवायला प्रोस्टाग्लँडिनचं जेल, मिसोप्रोस्टॉलची गोळी किंवा नळीला लावलेला छोटा फुगा वापरतात. फुगा औषध न घालता नुसत्या दाबाने काम करतो. जेल ठेवल्यावर बारा तासांत बाळ हातात येईल अशी आशा धरून नातेवाइकांना बोलावू नका, दीड-दोन दिवस लागू शकतात. मात्र कळा का सुरू करायच्या आहेत याचं कारण विचारा. तारीख उलटणं, रक्तदाब, साखर, पाणी जाणं, बाळाची वाढ ही कारणं योग्य आहेत.

१३. एरंडेल, तूप, खजूर, खूप चालणं, यांनी तोंड उघडतं का?

एरंडेल घेऊ नका. त्याने जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि कळांना लागणारी ताकद शौचालयात संपते. तुपाने तोंड निसरडं होत नाही, कारण तूप जातं पोटात आणि गर्भाशयाची वाट वेगळी. खजूर खा, अंगाला चांगला (साखर वाढलेली असेल तर विचारून), पण त्याच्यावर तारीख ठरवू नका. चालल्याने डोकं खाली यायला मदत होते आणि कळांमध्ये तर उभं राहणं, चालणं फारच चांगलं. पण नवव्या महिन्यात दमून पडेपर्यंत फेऱ्या मारायला लावणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तिला झोपू द्या.

१४. चार सेंटीमीटरला पाच तास अडकले. तासाला एक सेंटीमीटर व्हायलाच हवं ना?

हा नियम १९५० च्या दशकात डॉ. फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखांतून आला आणि घड्याळासारखा भिंतीवर बसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की कळांचा जोरदार टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरावा आणि तासाला एक सेंटीमीटर ही अट सगळ्यांना लावू नये. पाचपासून दहापर्यंत पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत आणि दुसरेपणी १० तासांपर्यंत लागणं चालतं, बाळ आणि आई ठीक असतील तर. पाचच्या अलीकडचा काळ बाईगणिक खूप कमी-जास्त असू शकतो.

आतली तपासणी साधारण चार तासांनी एकदा पुरते. दर तासाला बोट घातल्याने तोंड लवकर उघडत नाही, जंतू जाण्याची भीती मात्र वाढते.

१५. कळ येते, जोर लावावासा वाटतो आणि सिस्टर ‘अभी नहीं’ म्हणून ओरडते. का?

तोंडाची पुढची कड कधीकधी बाळाचं डोकं आणि हाड यांच्यात राहते. त्यावर जोर दिला की ती सुजते आणि उघडणं लांबतं. कुशीवर वळा किंवा हातागुडघ्यांवर या, छोटे छोटे श्वास सोडा. बऱ्याचदा काही कळांत कड निघून जाते. ओरडायची मात्र गरज नसते, हे मी माझ्या पेशातल्यांनाही सांगते.

१६. बाळ झाल्यावर तोंड पुन्हा बंद होतं का?

होतं. पहिले काही दिवस दोन बोटं जातील इतकं सैल असतं, आठवड्याभरात जेमतेम एक आणि सहा आठवड्यांत बंद. पण मूळ रूप परत येत नाही. आधी बाहेरचं तोंड गोल टिंबासारखं असतं, योनीमार्गे बाळंत झाल्यावर आडव्या फटीसारखं होतं. कळा न येताच सीझर झालेलीचं गोलच राहतं.

बारीक चिरा आपोआप भरतात. वार पडली, गर्भाशय घट्ट झालं, तरी ताजं लाल रक्त वाहतंच राहिलं तर तोंड फाटलंय का ते पाहून टाके घालावे लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे, शक्यतो तीन महिने थांबून करा. तिशी ओलांडली असेल तर विसरू नका.

१७. लग्नाआधी तोंडाचा तुकडा काढायची शस्त्रक्रिया झाली होती. सांगायला हवं का?

पहिल्याच भेटीत सांगा, सासरी माहीत नसेल तर डॉक्टरांना एकटीने गाठून सांगा. खोलवर तुकडा काढला असेल तर तोंड लवकर आखूड होऊ शकतं आणि त्यावर लक्ष ठेवता येतं. कधी उलट घडतं. जखमेच्या व्रणाने तोंड चिकटून राहतं, कळा जोरात असूनही उघडत नाही आणि व्रण सुटला की एकदम उघडतं. लेबर रूममधल्या माणसांना हे आधी माहीत असलं की उगाच घाईने सीझर होत नाही.

१८. पहिल्या वेळी ‘मुँह नहीं खुला’ म्हणून सीझर झालं. माझं तोंड उघडतच नाही का?

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात. जुना कागद काढून बघा, सीझर किती सेंटीमीटरला झालं? तीन-चारला झालं असेल तर जोरदार टप्पा सुरूच झाला नव्हता (प्रश्न १४) आणि तुमच्या तोंडाची परीक्षा झालीच नाही. नऊ-दहाला अडलं असेल तर ते उघडलं होतं आणि अडचण डोक्याच्या वळणाची किंवा जागेची होती.

एका सीझरनंतर योग्य निवड केलेल्या बायकांमध्ये शंभरातल्या साधारण ६० ते ८० जणी योनीमार्गे बाळंत होतात. गर्भाशयावरचा छेद आडवा हवा, रात्रीसुद्धा लगेच ऑपरेशन होईल असं हॉस्पिटल हवं आणि व्रण असल्याने मिसोप्रोस्टॉल वापरायचं नाही. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून त्या दिवशी जुना डिस्चार्ज कागद घेऊन जा. कागद हरवला असेल तर जिथे सीझर झालं तिथे अर्ज करून नक्कल मागा आणि छेद कुठला घेतला ते लिहून घ्या.